खुराड्याचं दार

पाटी हवी म्हणता, शाकिर उस्ताने रंगवलेली,
लाल जमिनीवर सहा पांढरे बाण.
आहे. आधी चहा घ्या.

माझा बाप पाट्या रंगवायचा, तोकातच्या बाजारात.
ज्या वर्षी लिपी बदलली
त्या वर्षी तीन महिन्यांत त्याने अख्खा बाजार पुन्हा लिहिला.
उजवीकडून चालत आलेली नावं
डावीकडून चालायला लागली:
न्हावी, खाटीक, कल्हईवाला हाकोप.
म्हणायचा, देश म्हणजे हाताचं वळण,
सवय लागेपर्यंत मनगट दुखणारच.
रात्री पक्षाच्या लोकगृहात
म्हाताऱ्या मेंढपाळांचे हात धरून
पहिलं अक्षर गिरवून घ्यायचा.
तिथे एक पियानो होता,
थंडीत त्याच्या तीन पट्ट्या मुक्या व्हायच्या.
मी तिथे वाचायला शिकले. ते विसरणार नाही.

हेही नाही विसरणार:
मिनारावरची बांग आमच्या भाषेत यायला लागली
आणि आई कणीक मळता मळता
जुने शब्द ओठांत पुटपुटायची.
बाप आत आला की गप्प.
त्या दिवसांत आमची कणीक फार मळली जायची.

युद्धाच्या वर्षांत पाव चिठ्ठीवर.
'आपण सारे एक' असं बापाने ज्या भिंतीवर लिहिलं
तिच्यावरच कराची यादी लागली.
हाकोपचं नाव वेगळ्या पानावर,
पुढचा आकडा त्याच्या साऱ्या दुकानाहून मोठा.
लिलावात भांडी गेली, भाता गेला,
मागोमाग तोही गेला, कुठे ते कुणी विचारलं नाही.
पाटी बापाने उतरवली, एकेक खिळा सांभाळत.
जेवला नाही. पक्षही सोडला नाही.
का, म्हणून मी विचारलं,
तर म्हणाला, ब्रश धुऊन ठेव.

शेहेचाळीसला मत टाकायचं उघड्यावर
आणि मोजायचं दाराआड.
जिंकलो.
आठवडाभर तो चहाच्या दुकानाकडे फिरकला नाही.

पन्नासला टाकायचं पडद्याआड, मोजायचं सगळ्यांदेखत.
बायकांना मत मिळालं ते आमच्याच पक्षाच्या राज्यात,
बापाने आईला हे इतक्यांदा ऐकवलेलं
की ती त्याच्याआधी वाक्य पुरं करायची.
पडद्यामागून ती जरा उशिरा बाहेर आली.

आमचा पक्ष पडला.
सत्तावीस वर्षांनी, आणि एक गोळी झाडली नाही कुणी,
किल्ल्या टेबलावर ठेवून माणसं घरी गेली.
बाप चुलीपाशी बसलेला. आई सूप वाढत होती.
तो म्हणाला, मीठ जास्त झालंय.
ती म्हणाली, आज मी चाखून घातलंय.
त्यावर दोघं पुढे कधी काही बोलले नाहीत.

महिन्याभरात बांग जुन्या शब्दांत आली.
आईचे हात परातीत थांबले.
बाप उठून बाहेर जाईल असं वाटलं,
तो बसून राहिला, बुटाची नाडी सोडत, परत बांधत.

लोकगृह मिटलं. पियानो कुणी नेला ठाऊक नाही.
मग बाप गेला, मग आई,
मग ऐंशीचे रणगाडे, मग बंदी.
शिपाई घरोघर फिरून बाण शोधत होते.
मी पाटी उलटी केली, बिजागऱ्या ठोकल्या,
बाण आतल्या बाजूला.
अकरा वर्षं कोंबड्यांनी त्यांच्यावर
जे करायचं ते केलं.

आता परवानगी मिळाली, तुम्ही टेम्पो घेऊन आलात.
न्या. पुसताना जपून.
शेवटचा बाण किंचित वाकडा आहे, तसाच राहू द्या,
सहा वर्षांची असताना मी कोपराला धक्का दिला होता
आणि तो हसला होता, रंग ओला असताना.

माझं मत?
ते नका विचारू, मी आईचीही मुलगी आहे.
आणि दार काढण्याआधी
दुसरी फळी आणा कुठून तरी.
इथे रात्री कोल्हा येतो.