जास्तीचा खडा

पीटरहेडला चर्चमागच्या खोलीत
मंगळवारी बाहुल्या व्हायच्या.
सोळा सालचा हिवाळा. तीनलाच दिवे लागत.
मी टेबलाखाली बसून
भुसा, लोकर, बापयांचे विटके मोजे
वेगवेगळे करायचे. हातांना हेरिंगचा वास,
तो तेव्हा सगळ्यांच्याच हातांना असे.

आई कमिटीची सेक्रेटरी.
वहीच्या कपाळावर लाल शाईत
"बेल्जियमच्या निर्वासितांसाठी",
खाली दोन रेघा.

बेल्जियमची त्या खोलीत एकच.
गोडेलीव्ह. मेचेलेनची, लेस विणणारी.
नाव आमच्या बायकांच्या जिभेवर बसेना,
म्हणून त्या तिला ग्लॅडिस म्हणत
आणि ती ओ देई,
जरा उशिरा,
शेजारच्या दारावरची थाप
आपल्या दारावरची वाटावी तशी.

तिच्या बाहुल्या लांबून ओळखू यायच्या.
पाचही बोटं. टाचेला खरी शिवण.
आणि प्रत्येकीच्या काखेत एक गाठोडं,
अक्रोडाएवढं, चौकडीच्या कापडाचं,
चार टोकांची गाठ मारलेलं.

आईनं कात्री घेतली.
"लोक पोरीच्या वाढदिवसाला बाहुली घेतात, ग्लॅडिस.
गाठोडं दिसलं की हात मागे जातो."
मग तिलाच कसंनुसं झालं असावं,
तिनं गोडेलीव्हच्या बशीत
साखरेचा एक खडा जास्तीचा ठेवला.
त्यानंतर दर मंगळवारी ठेवायची.

टेबलाखालून मला दिसायचं:
तो खडा चहात पडत नसे,
ॲप्रनच्या खिशात जाई.
मला वाटलं, घरी मूल असेल.
विचारलं नाही.

पुढच्या खेपेपासून बाहुल्यांचे हात रिकामे.
एकीच्या हातात तर फुलं.
सगळ्या खपल्या. दर सहा पेन्सांनी वाढला.
आईनं वहीत ग्लॅडिसपुढे
छोटी चांदणी काढली.

युद्ध संपल्यावर ती गेली.
पोच द्यावी तसं एक पत्र आलं, मग तेही नाही.
माझ्याकडे तिची एक उरली होती,
एक डोळा वर, एक खाली,
म्हणून न विकलेली.

ती आधी माझ्या मुलीनं वापरली,
मग मुलीच्या कुत्र्यानं तिची पाठ उसवली.
जेवणाच्या टेबलावर भुसा सांडला.
बोट घातलं तर आत काहीतरी घट्ट.
चौकडीचं कापड. चार टोकं.
गाठ दातांनी सोडवावी लागली.

नखाएवढ्या लेसमध्ये गुंडाळलेला
साखरेचा खडा,
पिवळा पडलेला, कोपरे शाबूत.

आईची वही काढली.
तिच्या नावावर चौऱ्याऐंशी.
ॲबर्डीन, एल्गिन, एक तर थेट ग्लासगोला,
एका डॉक्टरच्या नातीसाठी.
चौऱ्याऐंशी उशांशेजारी
हसऱ्या तोंडानं पडून होत्या,
वाटेची शिदोरी पोटात घेऊन.

मुलगी म्हणाली, साखर त्याला देऊ का?
कुत्रा बघतच होता.
मी नको म्हटलं, गाठ परत मारली.
तिच्यासारखी बसली नाही.