छत्तीसाला एक

खडकवासल्याला, प्रयोगशाळेच्या शेडमध्ये
माझ्या ताब्यात एक समुद्र असतो.
गोड्या पाण्याचा, गुडघाभर.
शनिवारी तळाची तोटी उघडून रिकामा करायचा.

तटरक्षक दलाची गस्ती नौका
वादळात किनाऱ्यावर चढली.
चौकशीसाठी मी ती पुन्हा बांधली: सागवानी, साडेचार फूट,
पोटात शिशाचे तुकडे, इंजिनं असतात तिथे.
नांगराची साखळी तुळशीबागेतली.
दुकानदार म्हणाला, पैंजणाला का?
मी काट्यावर कड्या तोलत राहिलो.

छत्तीसाला एक या मापात
तासाची दहा मिनिटं होतात.
म्हणजे ती अख्खी रात्र
सकाळचा चहा आणि जेवणाची सुट्टी यांच्यामध्ये बसते.

सुकाणूवर होता तो साक्षीला आला.
प्रधान नाविक जयदास टांडेल.
हौदाच्या कठड्याशी बूट जुळवून उभा.
लाटा सुरू झाल्या
तसे त्याचे पाय आपोआप फाकले.

सहा वेळा सोडली.
सहाही वेळा नांगर तळ ओरबाडत आला,
नौका आडवी झाली
आणि मुठेच्या वाळूवर कुशीला टेकली.
आवाजसुद्धा झाला नाही.
टांडेल म्हणाला, आवाज फार होता.

सातव्या वेळी वर्तक मॅडमनी नांगर
तीन मिनिटं वीस सेकंद आधी टाकायला लावला.
साखळी ताणली. थरथरली.
धरली.
नौका लाटांकडे तोंड करून राहिली,
शहाण्यासारखी.

म्हणजे वीस मिनिटांचा उशीर, मॅडम म्हणाल्या,
आणि लिहून घेतलं.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हिच्या उजव्या अंगाला
एक मासेमारी बोट लावा.
तिचं जाळं आमच्या पंख्यात.
तिच्यावर नऊ खलाशी.
नांगर टाकला की नौका फिरते.
फिरली असती, तर बोट चिरडली असती.

बोट माझ्याकडे नव्हती.
मी मनात माणसाचं माप काढलं: जेमतेम दोन इंच.
अहवालात दोन इंचांना रकाना नाही.

घड्याळ मी पुन्हा शून्यावर आणलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
वल्ह्याची फळी पाणी ढकलत होती, आम्ही तिघं उभे,
आणि टांडेलचे हात पोटाशी येत होते,
जात होते, काही ओढत असल्यासारखे.
मी आठपर्यंत मोजलं.
नवव्याला ते अर्ध्यातच थांबले.
सेकंद उरले होते बरेच.

निघताना त्याने दोन बोटं हौदात बुडवली,
जिभेला लावली.
स्वारगेटची बस कुठे थांबते, एवढंच विचारलं.

तो मंगळवार होता. तरी मी तोटी उघडली.
सातव्या वेळची ती, वाचलेली,
पाण्याबरोबर खाली खाली आली
आणि वाळूवर टेकली.
पैंजणाची साखळी सैल पडली शेजारी.