दाब

पहाटे साडेतीनला उठतो मी.
वडगावच्या टाकीवर पाळी,
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीइतकी उंच,
गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडत जायचं.
लाइनीत हवा धरली की मला लांबून कळतं:
नळ आधी खोकतो, थुंकतो, गप्प होतो,
मग एकदम येतो.

एवढं कळत होतं,
आणि घरात, माझ्यापासून दोन हातांवर,
पूर्वा तशीच झोपत होती.

घोरायची. सात वर्षांची पोर.
पाहुणे हसायचे, आत्यावर गेली म्हणायचे,
आम्हीही हसायचो.
मान मागे टाकलेली, तोंड उघडं,
उशी घामानं ओली, कधी गादीसुद्धा.
शाळेच्या डायरीत शेरा: वर्गात पेंगते.
त्याच्याच खाली: एका जागी बसत नाही.
सारिका म्हणाली, दोन्ही कसं खरं असेल?
मी म्हणालो, बाईंचं काहीतरीच.

एका पहाटे बुटाची नाडी बांधत होतो
आणि घोरणं थांबलं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
एक नाडी बांधली. दुसरी घेतली.
मग दिसलं,
छाती ओढ घेतेय, बरगड्यांमधली कातडी आत जातेय,
वारा मात्र जात नाही.
मोजायचं सुचलंच नाही मला.
तिनंच एक हिसका दिला,
नळ यावा तसा श्वास आला,
आणि कूस बदलून ती झोपली.

ससूनच्या ओपीडीत डॉक्टर मेहेंदळे बाईंनी
बाहुलीच्या कपड्याएवढा पट्टा काढला,
तिच्या दंडाला गुंडाळला, फुगवला,
पुन्हा फुगवला.
मी काट्याकडे बघत होतो,
प्रेशर वाचणं हा माझाच धंदा.
"वयाच्या मानानं जास्त आहे."
लहान पोरांना बीपी?
आमच्यात आबांना होतं, तेही साठीनंतर.

बाईंनी केसपेपरच्या पाठीवर घसा काढला,
दोन सुपाऱ्या, आणि नाकामागे आणखी एक गाठ.
"वाट अडते, रक्तातला प्राणवायू उतरतो,
हृदय घाबरून धावत सुटतं.
एका रात्रीत कितीतरी वेळा.
तुम्हाला वाटतं पोर झोपलीय.
ती रात्रभर जिना चढत असते."

झोपेच्या तपासणीला डोक्यापासून पायापर्यंत वायरी.
"बाबा, मी डीपीचा डबा झाले," म्हणाली,
आणि घोरायला लागली.

इकोच्या पडद्यावर तिचं हृदय पाहिलं.
करडं, मुठीएवढं,
आत इवले इवले व्हॉल्व्ह, उघड, मीट, उघड, मीट.
बारा वर्षं व्हॉल्व्ह फिरवतोय मी,
गुरुवारी लाइन बंद असते, रविवारी बदली माणूस येतो.
यांना बदली कोण?
उजवी बाजू जरा ताणलीय, म्हणाले.
वेळ गेलेली नाही, असंही म्हणाले.
सारिकानं दुसरंच वाक्य ऐकलं,
मी पहिलंच.

ऑपरेशन झालं. चार दिवस आइस्क्रीम,
त्यानंतर चार दिवस भांडण, की आइस्क्रीम का बंद.
घसा सुजलेला, घोरणं होतंच,
मी कोणाशी बोलेनासा झालो.

आणि तिसऱ्या आठवड्यात
मला अचानक जाग आली.
कशानं, ते कळेना.
पंखा. रस्त्यावर कुत्रं. नवल्या पुलाकडून एक ट्रक.
बाकी काही नाही.
अंधारात चाचपडत गेलो, तिच्या नाकाखाली बोट धरलं.
ऊब आली.
गेली.
पुन्हा आली.
तोंड मिटलेलं होतं. उशी कोरडी.
मी तिथंच फरशीवर बसलो,
बोट तसंच धरून,
येते का, येते का, करत.

फोन वाजला तेव्हा सव्वापाच झाले होते.
दत्तकृपा सोसायटीचे चेअरमन, चिडलेले,
अजून पाणी नाही, लोक खोळंबलेत,
लाइनीत हवा धरली का हो?

धरली होती, म्हणालो.
आलोच.
तीन महिन्यांनी पुन्हा पट्टा बांधायचाय,
ते त्यांना कशाला सांगू.
बूट हातात घेऊनच
मी जिना उतरलो.