मोकळी जागा

गुरुवारी पाचच्या आत कळवायचं आहे.
आज मंगळवार. अंगणातल्या नळाला हात लावला
तर चटका बसतो, आणि जानेवारी अजून अर्धा उरलाय.

फ्रिजवर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली
दोन पत्रं.
एकात अ‍ॅडलेडची जागा, बांधलेली :
डॉक्टर झाल्यावर तीन वर्षं
नकाशातल्या फिकट पट्ट्यात कुठंतरी.
दुसऱ्यात मोकळ्या जागेच्या यादीतला माझा नंबर.
अकरावा.
म्हणजे मोकळ्या जागेत जागा नाही,
माझ्यापुढे दहाजणांचं मन बदलेपर्यंत.

बाबा म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये.
पण बाबा, ह्यात पळणारी मीच आहे.

अ‍ॅनलीस म्हणाली, अठराव्या वर्षी
तिशीतली मेरिन गहाण टाकतेयस,
आणि तिला विचारलंसुद्धा नाहीस.
लीथ हसला. तो खाणीवर वायरिंग करतो,
पंधरा दिवस तिथं, आठ दिवस इथं,
पाच वर्षं झाली, कुणी कागद पुढे केला नव्हता.
एलियास काही बोलला नाही.
चेलोची एक तार पिळत राहिला, सैल, ताठ, परत सैल.
त्याचा वाद्यवृंद फिकट पट्ट्यात जात नाही.

मी हिशेब मांडला. तीन वर्षं म्हणजे एक हजार पंच्याण्णव दिवस,
त्यात लीप वर्ष आलं तर एक जास्त.
त्या एका दिवसाचा मला उगाच राग आला.

शनिवारी मावशीची ट्रक घेऊन मी गेले बघायला.
कुठल्याही गावी. नकाशावर बोट ठेवलं, तिथं.
साडेचार तास. गव्हाचे कापलेले सड,
तारेवर गुलाबी पोपटांची रांग,
पेट्रोल पंप, बंद बँक, उघडं पोस्ट.
दवाखान्याच्या दारावर सेलोटेपने लावलेला कागद :
डॉक्टर मंगळवारी.
खाली कुणीतरी पेनने : कुठल्या?

एक बाई दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती.
वय सत्तरच्या पुढे, पायात नवऱ्याचे बूट असावेत.
डॉक्टर आहेस का, तिनं विचारलं.
नाही.
असू दे, म्हणाली, ह्या दारात येणारे
बहुतेक नसतातच.
मग रबरी नळी माझ्या हातात दिली, आणि
सावलीत जाऊन बसली.

मला वाटलं होतं काहीतरी होईल.
मूल तापेल, कुणी कोसळेल, मला कळेल.
काही झालं नाही. जिरेनियम प्यायलं.
कुत्रं आलं, माझ्या बुटांवर झोपलं.
नळी बंद कुठं करायची ते मला सापडेना,
आणि ती बाई उठेना.

परतीच्या वाटेवर अंधार पडला.
कांगारू आडवा येईल म्हणून हळू चालवत होते,
आणि मनात ती दोन पत्रं
एकमेकांना ढकलत होती.
मी थोर नाही, हे लिहून ठेवते.
अकराव्या नंबराची मला भीती वाटते.
कागदावर नाव बांधलं की भीती सुटते,
एवढंच माझं कारण.
मागून कुणी विचारलं
तर गावाचं नाव पुढे करू नये, ह्यासाठी
हा कागद जपून ठेवायचा.

गुरुवार. चार चाळीस.
एलियासला फोन केला. घंटी वाजत राहिली.
आई भांडी घासता घासता थांबली,
वळली नाही.
मी सही केली.
सही होती का, ते
तिशीतली मेरिन सांगेल, कुठल्यातरी मंगळवारी,
दारावरचा कागद काढताना.