चेपा

हुतात्मा रात्री दहा वाजून गेल्यावर लागली.
श्रावंतीच्या मैत्रिणीनं दारातूनच खोका दिला,
थर्माकोलचा, चिकटपट्टीनं आवळलेला.
मे महिना. फलाटाची फरशी त्या वेळीही पोळत होती.
मी घरून चादर नेली होती,
आपल्याच मागावरची, मोराची.
खोका तिच्यात गुंडाळून छातीशी धरला.
रिक्षावाला म्हणाला, लेकरू आजारी आहे काय?

इतकी वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो,
ही ऊब धरते.
गारवाही धरते, हे मला
साठाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. शेडमधले आठही माग बंद.
घर इतकं गप्प की
राजमणीनं दोनदा विचारलं, लाइट गेली काय?

बर्फ अर्धा शिल्लक होता.
खाली दोन तुकडे, तळहाताएवढे.
रंग असा की डाइंगवाल्या मल्लेशमला
दहा वेळा सांगूनही साधला नसता,
गुलाबी म्हणावं तर केशरी,
आणि मधून बारीक रेघा:
चार केशरी, एक पांढरी,
पुन्हा चार.
कुणी विणला असेल हा, मी म्हणालो.
ती म्हणाली, खायचाय. नमुना नाही काढायचा.

श्रावंती पुण्यात हॉटेलात आचारी. फोनवरून सांगत होती,
सॅल्मन आहे पप्पा, समुद्र ओलांडून आलाय,
मसाल्यात बुडवू नका.
मीठ, मिरी, लिंबू. बास.
कातडी खाली, आणि पहिली दहा सेकंदं
उलथण्यानं चेपा.
राजमणीला हसू फुटलं.
आमच्या तेलुगूत चेपा म्हणजे मासा.
चेपाला चेपा, ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून
हसतच राहिली, गॅसपाशी,
जिथं मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं,
कारण मी तिथं कधी नव्हतोच.

मग चार मिनिटं हात लावायचा नाही.
हे अवघड.
चाळीस वर्षं माझा हात धोट्याच्या मागं मागं,
धागा तुटला की सांधा,
आवाज बदलला की नट आवळा.
तवा चरचरतोय आणि मी
हात पाठीशी बांधून उभा,
फळ्यापाशी उभं केल्यासारखा.

बाटली अकलूजकडची. पांढरी म्हणायची, पण दिसायला
गवती चहाच्या पहिल्या पाण्यासारखी.
माशाला हीच जोडी, श्रावंती म्हणाली,
तांबडी त्याच्यावर दादागिरी करते.
बूच काढायचं यंत्र आमच्याकडं कुठलं?
मागाचा लांब स्क्रू पिळला, पकडीनं ओढला,
अर्धं बूच हातात आलं, अर्धं आत पडलं.
स्टीलच्या फुलपात्रांत ओतली.
राजमणीनं घोट घेऊन डोळे मिटले.
कासेगावची द्राक्षं, ती म्हणाली,
पिकायच्या आधी चोरून खाल्लेली.
मग शेंगाचटणीत बोट बुडवून चाटलं,
वर दुसरा घोट.
हां. आता लागली जोडी.

ताटं दोन.
एवढंच, पण बसायला दोघांनाही वेळ लागला.
आधी आई होती, भाऊ होते, कांड्या भरणाऱ्या बाया,
मग पोरं. ती कायम शेवटी.
मी हात धुवायचो तेव्हा ती भाकरीनं तवा पुसत असायची.
आज समोरासमोर.
ती लहान घास घेते. डाव्या दाढेनं चावते.
कधीपासून, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.
कातडी कडक भाकरीसारखी मोडली,
आत मात्र मऊ, ओलसर.
कच्चा राहिला काय?
ती बराच वेळ चावत राहिली.
नाही. असाच असेल तो.

मध्येच उठली सवयीनं,
कोण जेवायचं राहिलंय बघायला.
झाकण उचललं, रिकामा तवा पाहिला,
परत येऊन बसली.
मी तिच्या फुलपात्रात थोडी ओतली.

सकाळी चादर दोरीवर. दोनदा धुतली, वास आहेच.
गच्चीवरून गुंडेलीबाई, काल पाहुणे होते काय?
होते की, राजमणी म्हणाली, दोघं.

बाटली तिनं खिडकीत ठेवलीय, मनीप्लँट लावणार म्हणे.
पाणी भरलंय.
अर्धं बूच वर आलंय, तरंगतंय.