नऊ हजार सहाशे

बाराशेला आम्हाला ऐकू यायचं.
एक जाड सूर, एक बारीक सूर,
दोघांची जराशी कुरकुर, आणि झालं:
डोंगरापलीकडून पाकीट आलं.
येर्नेय पडद्याकडे न बघताच सांगायचा,
हा बोगोमिर,
हा त्रिएस्तेचा दंतवैद्य,
हा कोण नवीन, फार ओरडतोय.

पण एका चित्राला चाळीस मिनिटं लागत.
भाऊ म्हणाला, आठपट करू.

इद्रियातला फेब्रुवारी.
पाऱ्याच्या खाणीची रात्रपाळी बंद झालेली,
आई खिडकीशी लेस विणत,
लाकडी बॉबिनांची टकटक,
आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला
टॅक्सीतून काढलेला जुना रेडिओ
पोट उघडून उताणा.

"ह्याला माणसाच्या आवाजाची सवय लागलीय."
आत एक चाळणी होती खरंच.
खालचं घुमणं नको, वरची सळसळ नको,
"हॅलो, ऐकू येतंय का" तेवढं पोचलं की पुरे.
नऊ हजार सहाशे तिच्यातून जात नाहीत.
म्हणून एक तार थेट डिस्क्रिमिनेटरच्या पायाशी,
दुसरी मागच्या दाराने ऑसिलेटरला.
मी भिंग धरलं. श्वासही धरला.
कथलाचा थेंब चमकला, मग मळकट होऊन गोठला.

आवाज गेला.
म्हणजे पाकिटं येत होती, बिनचूक,
पण ऐकायला नुसतं सुऽऽ.
बोगोमिरचं सुऽऽ, दंतवैद्याचं सुऽऽ,
कुणीच नसताना असतं तेही तसंच.
येर्नेय थोडा वेळ स्पीकरला कान लावून बसला,
मग त्याने बटण शून्यावर आणलं.

आणि इतकं करून वेग जेमतेम दुप्पट.
दोन रात्री तो वहीत आकडे मांडत होता.
बोलायला लागतो सेकंदाचा दहावा भाग,
आणि बोलण्याआधी चार भाग
रेडिओ घसा खाकरतो.
रिले कूस बदलणार, लहर स्थिरावणार, मग पहिलं अक्षर.
पलीकडून "पोचलं" एवढंच यायचं,
तर त्याच्याही आधी तेवढंच खाकरणं.

आम्ही रिले काढला, डायोड बसवला,
वीस मिलिसेकंदांवर आलो.
बोगोमिर चारशेवरच.
शेवटी येर्नेय बसने सेर्क्नोला गेला,
डाग घेऊन, पिशवीत डायोड घेऊन.
म्हातारा जन्मभर रेल्वेच्या सिग्नलवर.
"गाडी सुटायच्या आधी शिट्टी द्यावी लागते, पोरा,"
म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला,
म्हणजे नको म्हणाला नाही.

पहिलं चित्र चार मिनिटांत आलं:
त्याच्या मधपेटीची रंगवलेली फळी,
नातीने शाळेच्या स्कॅनरवर घातलेली,
सोळा रंग, अस्वल जांभळं.
आई लेस ठेवून बघायला उठली.
"अस्वल कुठंय ह्यात?"

आता वाटेत वेळ जात नाही.
बोगोमिर एका बोटाने टाइप करतो,
ल शोधतो, मग चष्मा शोधतो,
आणि त्याचं उत्तर पूर्वीसारखंच
परवा येतं.

भाऊ घरी नसला की मी बटण थोडं उघडते.
सुऽऽ.
परवा मला अगदी वाटलं, हा बोगोमिरच.
दंतवैद्य होता.