दोन्ही कान दिसले पाहिजेत

रेशनकार्डाला फोटो हवा म्हणून
तवनाप्पा शेडबाळे आमच्या स्टुडिओत आले,
निपाणीत, दुपारी सव्वादोनला, मी डबा खात असताना.
स्टुलावर बसले,
माझ्या दोन पांढऱ्या छत्र्यांकडे बघत म्हणाले,
"पाऊस आत येतोय काय रे तुझ्यात?"

गावाला एवढंच ठाऊक: शेडबाळ्यांचा थोरला,
पळून कोल्हापूरला गेला, सिनेमात होता म्हणे,
म्हातारपणी परत आला एकटाच.
अंगणात खुर्ची टाकून बसतो
आणि उन्हाबरोबर खुर्ची सरकवत नेतो.

त्यांनी एक छत्री मिटवली.
दुसरीचं तोंड भिंतीकडे केलं.
मग माझ्याच डब्याचं झाकण उचललं,
धोतराच्या सोग्यानं भाजी पुसली,
आणि खिडकीतलं ऊन डाव्या गालावर आणलं,
चमचाभर.
"आता काढ."

बाप वखारीत हमाल होता, सांगू लागले.
पत्र्याला खिळ्यांची भोकं,
त्यातून उन्हाच्या काठ्या खाली उतरायच्या,
तंबाखू झोडणाऱ्या बाया त्यातनं ये-जा करायच्या,
दिसायच्या, विझायच्या, शिंकायच्या.
"तितं शिकलो मी. बाकीचं पगारासाठी."

आणि नोकरी लागली ती भाषेवर.
आर्कलाईटवरचा माणूस धारवाडकडचा,
कॅमेऱ्यावरचा साताऱ्याचा,
दोघांचं एक अक्षर जुळेना.
मधे हा पोरगा उभा केला:
उजेडाला बेळकु म्हण, सावलीला नेरळु,
साहेब म्हणतात जरा मागं घे,
मामा म्हणतात कार्बन संपत आलाय.
वर्षभर नुसतं इकडचं तिकडं केलं.
एक दिवस साहेब म्हणाले जास्त, मामा म्हणाले कमी,
आणि यानं दोघांनाही खोटं सांगून
मधला उजेड लावला.
कोणी काही बोललं नाही.
"तवापास्नं कॅमेरामन."

कोपरापाशी भाजल्याचा डाग दाखवला,
पावली एवढा.
एका बाईच्या डोळ्याखाली रात्रीची जागरणं होती,
तर लेन्सवर मलमलीचा तुकडा बांधला,
मधोमध उदबत्तीनं भोक पाडलं,
डोळे तेवढे लख्ख, बाकी सगळं धुकं.
"ती रडली तवा थेटर रडलं.
पाणी ग्लिसरीनचं. बुबुळातला ठिपका माझा."

नाव यायचं पाटीवर, चौघांत तिसरं,
तेही चुकीचं, टी. शेडबाळ.
"तीन सेकंद. शिंक आली की गेलो मी."

रंगीत आलं तेव्हा काय झालं, मी विचारलं.
ते झाकण उलटसुलट करत राहिले.
"सगळंच दिसाय लागलं की.
मग माझं काय काम?"

फोटो आठव्या दिवशी परत आला.
मागं लाल शाईत कानडी शेरा,
त्यांनीच मला वाचून दाखवला, हसत:
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
तीस वर्षं जो अंधार मोजून वापरला
त्याला अर्जात रकाना नव्हता.

मग फ्लॅश मारून दुसरा काढला.
ते असे बसले
जसं पोर इंजेक्शनला बसतं.
त्या तोंडावर त्यांनी चार वर्षं
तांदूळ, साखर, रॉकेल उचललं.

गेले तेव्हा पुतण्या आला बातमीसाठी फोटो मागायला.
मी दोन्ही काउंटरवर ठेवले.
त्यानं बराच वेळ पाहिले,
आणि कानवाला उचलला.
"ह्यात ओळखू येतात," म्हणाला.
खरंच होतं ते.

डबा अजून तोच आहे.
सव्वादोनला भाजी संपली की
झाकण पुसून खिडकीत धरतो.
कधी ऊन कॅलेंडरवर पडतं,
कधी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर,
एकदा तर सरळ माझ्याच डोळ्यात.
चमचाभर काही अजून जमत नाही.